लिफ्ट ज्याची, वाहिनी त्याची

१९९१ साली जर्मनीतल्या रेनबो आर्ट्सने ‘मॅड टीव्ही’ हा संगणकीय खेळ बाजारात आणला, तेव्हा तिथल्या खासगी वाहिन्यांचं वय जेमतेम सात वर्षांचं होतं. खेळात वाहिनी चालवायची: चित्रपट विकत घ्यायचे, जाहिराती मिळवायच्या, बातम्या निवडायच्या आणि जमलंच तर बेटी नावाच्या तरुणीचं मनही जिंकायचं. पण खरी कसोटी बहुमजली इमारतीची. प्रत्येक कामाचं दार वेगळ्या मजल्यावर आणि सगळ्यांत मिळून लिफ्ट एकच. प्रतिस्पर्धी ‘सन टीव्ही’वाल्याने ती आधी बोलावली, की आपली अभिरुची बसली ताटकळत! म्हणजे थोर संचालक तोच, ज्याला वरच्या मजल्यावरची दोन कामं एकाच फेरीत उरकता येतात.

यावर कुणी म्हणेल, ही निव्वळ पायपीट. खेळ लांबवायची युक्ती. मग तळमजल्यावरचा फलक पाहा. त्यावरच्या खोल्यांच्या पाट्यांची अदलाबदल करता येते. बॉम्ब घेऊन आलेला दहशतवादी बिचारा पाटीवर विश्वास ठेवतो आणि स्फोट प्रतिस्पर्ध्याकडे होतो. चांगला कार्यक्रम बनवण्यापेक्षा हे स्वस्त. बॉम्ब ही अतिशयोक्ती, हे मान्य. पण संकटाला शेजारच्या खात्याचा पत्ता देणं कुठल्या कचेरीत चालत नाही? इथे ती कला उघडपणे शिकवली जाते, एवढाच काय तो फरक. व्यवस्थापनाच्या महागड्या अभ्यासक्रमांनी निदान हा प्रामाणिकपणा तरी उचलावा.