शिबी राजाचे वंशज, बी विंग

फ्लॅट घेताना माणूस कार्पेट एरिया विचारतो, पार्किंग विचारतो, पाणी किती वेळ येतं ते विचारतो. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर उद्या टॉवर उठणार का, हेही दबक्या आवाजात विचारून घेतो. एसीच्या आउटडोअर युनिटमागे जी वीतभर जागा उरते, तिचा मालक कोण, हे मात्र कुणी विचारत नाही. मुंबई-पुण्यात या जागेचा ताबा कबुतराकडे असतो. डिपॉझिट नाही, अकरा महिन्यांचा करार नाही, पोलीस व्हेरिफिकेशन नाही. खराट्याच्या चार काड्या, केबलचा एक तुकडा, वरून घरचीच विष्ठा लिंपली की बांधकाम पूर्ण. रेराची नोंदणीही लागत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर आम्ही तक्रार केली नसती. पण कबुतराने पोटभाडेकरू ठेवलेत. त्यांना माइट म्हणतात. अर्धा ते एक मिलिमीटरचा, आठ पायांचा, कोळी आणि गोचीड यांच्या भाऊबंदकीतला हा जीव. यांची एक जात दिवसा घरट्याच्या फटीत दडून बसते आणि रात्री पक्ष्यांचं रक्त पिते. उपाशी असताना करडी दिसते, जेवली की लाल. उकाडा चांगला असेल तर अंड्यातून निघून स्वतः अंडी घालायला आठवडा-दहा दिवस पुरतात. कबुतराची मादी एका वेळी दोन अंडी घालते, अठराएक दिवस उबवते, पिलं साधारण महिन्याभरात उडून जातात आणि आपल्या हवेत हा पाळणा बारा महिने हलतो. पिलं गेली की मागे उरतात ते उपाशी माइट्स. मग एसीच्या पाइपासाठी भिंतीला पाडलेल्या आणि ‘नंतर येऊन बुजवतो’ म्हणून मेकॅनिकने तसंच सोडलेल्या भोकातून अख्खी पंगत आत येते. माणसाच्या रक्तावर त्यांची वंशवेल वाढत नाही, असं शास्त्र सांगतं. चावायला मात्र शास्त्राची हरकत दिसत नाही.

पहाटे अंग खाजायला लागलं की मराठी घरातला निदानाचा क्रम ठरलेला असतो. पहिला मान आजीचा. ती हात उलटापालटा करून बघते आणि जाहीर करते, ‘पित्त उठलंय.’ लगेच वाटीत आमसुलं भिजत पडतात, अंगावरच्या गांधींना त्याचं पाणी चोळलं जातं, आणि त्या रात्री माइट्सना सोलकढीसह जेवण मिळतं. दुसरा मान फॅमिली डॉक्टरांचा. ते लांबूनच पाहून ‘अ‍ॅलर्जी’ म्हणतात. कशाची? धुळीची असेल, साबणाची असेल, टेन्शनची असेल. टेन्शन म्हटल्याबरोबर घरातले सगळे एकमेकांकडे बघतात. तिसरा मान त्वचेच्या डॉक्टरांचा. ते खरजेचं मलम देतात, मानेपासून तळपायापर्यंत, कुटुंबातल्या सर्वांना. खरजेचा किडा माणसाच्या कातडीतच बिऱ्हाड करतो, म्हणून तिथे ते मलम लागू पडतं. कबुतराचा पोटभाडेकरू जेवून हात धुऊन परत फटीत जातो. त्यामुळे मलमाचा उपयोग इतकाच की कुटुंब चकचकीत दिसतं.

ढेकणांचा संशय सगळ्यांच्या मनात असतो, तोंडातून कुणी काढत नाही. घरात ढेकूण निघणं म्हणजे घराण्याचं नाक जाणं. म्हणून गादी गच्चीवर उन्हात टाकायची ती ‘पावसाळ्यात ओल धरली होती हो’ असं, न विचारणाऱ्यालाही सांगत.

आमच्याकडे हा गुंता कॉलेजात जाणाऱ्या मुलीने सोडवला. रात्री दिवा लावून तिने पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर पारदर्शक चिकटपट्टी दाबली, उचलून पांढऱ्या कागदावर लावली आणि मोबाइलचा कॅमेरा मोठा करून धरला. उघड्या डोळ्यांना ठिपके वाटत होते. पडद्यावर त्यांना पाय फुटले. पट्टीच्या कडेला अर्धवट चिकटलेला एक लालसर ठिपका पुढचे दोन पाय हवेत हलवत होता, तो आमच्यापैकी कुणाचा तरी रक्ताचा नातेवाईक झालेला होता. भिंतीवरून मागोवा घेत गेलं तर वाट एसीच्या भोकापाशी संपत होती.

पुरावा हातात आल्यावर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. त्याच्या दरपत्रकात झुरळं, मुंग्या, ढेकूण आणि वाळवी अशा चारच जाती होत्या. माइट म्हटल्यावर त्याने कागद निरखून बघितला आणि विचारलं, ‘मग झुरळात लिहू का ढेकणात?’ झुरळांवर ऑफर चालू होती. त्याने स्वयंपाकघरात ओट्याखाली जेलचे ठिपके दिले, वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर सही घेतली आणि ‘हर्बल आहे, काही होत नाही’ अशी खात्री दिली. खात्री खरी ठरली. काही झालं नाही.

मग अर्ज सोसायटीकडे. सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला.

‘बाहेरची भिंत सोसायटीची. बरोबर?’

‘बरोबर.’

‘पण एसी तुमचा. एसी नसता तर घरटं झालं असतं का? म्हणजे घरटं तुमचं. किडे तुमच्या बेडरूममध्ये सापडले, म्हणजे तेही तुमचेच.’

‘आणि कबुतर?’

‘कबुतर निसर्गाचं.’

तरीही विषय सभेत आला. गणसंख्या भरली नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब झाली आणि तेवढ्याच माणसांत पुन्हा भरली. एका सभासदाने सांगितलं की कबुतराने घरटं केलं की लक्ष्मी येते, काढलं तर जाते. आमच्याकडे घरटं झाल्यापासून आलेल्या औषधांच्या बिलांची फाइल आम्ही सोबत नेली होती, पण लक्ष्मीच्या विषयात कागदपत्रं चालत नाहीत. दुसऱ्याने डांबरगोळ्या सुचवल्या, तिसऱ्याने कापूर, चौथ्याने जुन्या सीडी दोरीला टांगायला सांगितलं. बहुमताने प्लास्टिकचं घुबड मंजूर झालं. ते डक्टमध्ये बसवलं. आठवड्याभरात कबुतरं त्याच्या डोक्यावर बसून घुमायला लागली. सध्या त्या घुबडाच्या पाठीमागे काड्या जमताना दिसतात.

या सगळ्यात एका माणसाचं नाव कुणी घेतलं नाही. ते म्हणजे रोज सकाळी टेरेसवर ज्वारीची पिशवी रिकामी करणारे भाऊ. भाऊ सज्जन आहेत, निवृत्त आहेत, गणपतीची वर्गणी सगळ्यांत आधी देतात. आम्ही चिकटपट्टीचा कागद घेऊन वर गेलो.

‘भाऊ, दाणे मिळतात म्हणून कबुतरं इथेच वस्तीला राहतात. त्यांच्या घरट्यातून हे किडे येतात आणि आम्हाला चावतात.’

‘मुक्या जिवाला दोन दाणे घालतो, तेही बघवत नाहीत का तुम्हाला?’

आम्ही कागद पुढे केला. भाऊंनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा कळवळला.

‘अरेरे, चिकटवून मारलंत? एवढासा तर जीव!’

तिथे आम्हाला शिबी राजा आठवला. ससाण्याच्या तावडीतून कबुतर वाचवायचं म्हणून त्याने कबुतराच्या भारोभार स्वतःच्या मांडीचं मांस तराजूत घातलं. कबुतर जड होत गेलं तेव्हा तो स्वतः पारड्यात जाऊन बसला. मग ससाणा इंद्र निघाला, कबुतर अग्नी निघालं आणि राजाची कीर्ती तिन्ही लोकांत झाली. पण एक तपशील आपल्या दानशूर मंडळींच्या नजरेतून सुटला आहे. शिबीने स्वतःची मांडी कापली, शेजाऱ्याची नाही. आमच्या इमारतीत दाणे वरच्या मजल्याचे पडतात आणि मांडी खालच्या मजल्यावरची तोलली जाते. पुण्य टेरेसवर जमा होतं, खाज पाइपाच्या भोकातून खाली उतरते. खरं तर अन्नदान आम्हीही करतो, तेही स्वतःच्या रक्ताचं आणि रात्रीची झोप मोडून. पण दात्यांच्या पाटीवर आमचं नाव लागत नाही.

यात आमचंच काही विशेष आहे असंही नाही. २०२५च्या जुलैत राज्य सरकारने महापालिकेला मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायला सांगितलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली आणि ऑगस्टमध्ये जमावाने ती ओढून फाडली. टीव्हीवर फुप्फुसांची बाजू आली, श्रद्धेची आली, परंपरेची आली. फुप्फुसांचा प्रश्न मोठा आहेच, कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने ती कायमची निकामी होऊ शकतात. त्यापुढे खाज म्हणजे किरकोळ दुखणं. खाजवणाऱ्याच्या बाजूने वकील उभा राहत नाही, कारण चर्चेत बसून खाजवणं बरं दिसत नाही.

उपाय विचाराल तर तो इतका साधा आहे की त्यात कुणाचीच प्रतिष्ठा वाढत नाही. घरट्यात अंडी-पिलं नाहीत असं बघायचं. मास्क आणि हातमोजे चढवायचे, धूळ उडू नये म्हणून पाणी फवारायचं, घरटं पिशवीत भरून पिशवीचं तोंड बांधायचं. त्याच दिवशी त्या कपारीत जाणकाराकडून कीटकनाशक मारून घ्यायचं, कारण नुसतं घरटं हलवलं तर उपाशी फौज थेट गादीवर येते. पाइपाचं भोक बुजवायचं. चादरी-अभ्रे कढत पाण्यात धुवायचे, पलंगाच्या आणि भिंतीच्या कडा व्हॅक्यूमने ओढून घ्यायच्या. मग जाळी लावायची. जेवणच बंद झालं की माइट्सची वसाहत आपोआप उठते. यात आमसूल नाही, मलम नाही, घुबड नाही. सभासद नाराज होतात ते यामुळेच.

जाळीवरही आमचा फार विश्वास नाही. आपण लावली की कबुतर शेजाऱ्याच्या कपारीत जातं, शेजाऱ्याने लावली की सी विंगमध्ये. टेरेसवर ज्वारी पडत राहिली तर इमारतीला साडी नेसवल्यासारखी जाळी नेसवूनही घरट्यांची संख्या तेवढीच राहील. म्हणून पुढच्या सभेसाठी आम्ही ठराव लिहिला: जो सभासद टेरेसवर धान्य टाकेल त्याने प्रत्येक किलोमागे एसीची एक कपार स्वतःच्या हाताने साफ करावी आणि त्या रात्री त्या कपारीमागच्या खोलीत झोपावं. पुण्य आणि खाज एकाच खात्यावर जमा व्हावी, एवढीच मागणी.

सेक्रेटरींनी ठराव वाचला आणि नियमावर बोट ठेवलं, ‘अनुमोदक?’

आम्ही घरोघर फिरलो. ज्या दारावर बेल दाबली त्या दारात कुणीतरी कोपर खाजवत उभं होतं. आजींनी गेरू लावला होता, लहान मुलांच्या पोटावर कॅलामाइनचे गुलाबी पट्टे होते. प्रत्येकाने ठराव शेवटपर्यंत वाचला, मान डोलावली, आमचा हात हातात घेतला. ‘अगदी मनातलं लिहिलंत. कुणीतरी बोलायलाच हवं होतं,’ असं प्रत्येक जण म्हणाला. आणि पेन पुढे केल्यावर दार थोडं लोटून घेत, आवाज खाली आणून, ‘फक्त आमचं नाव घालू नका. भाऊ रोज लिफ्टमध्ये भेटतात.’