दाराआडचे सिनेमे

भोकरदनला माणसाचे आवडते सिनेमे दोन असतात. एक चारचौघांत सांगायचा, दुसरा दार लोटून बघायचा. पहिला बहुधा 'श्वास' नाहीतर 'कोर्ट'. दोन्ही भारतातर्फे ऑस्करला गेले होते, त्यामुळे ते स्वतः पाहिलेच असले पाहिजेत अशी सक्ती कोणी करत नाही.

खरी श्रीमंती दाराआड आहे. बियाण्यांच्या दुकानातले काका जागतिक सिनेमावर बोलतात आणि रात्री 'सूर्यवंशम' लावतात. 1999 साली थिएटरात आपटलेला हा सिनेमा मॅक्स वाहिनीने दाखवून दाखवून घरोघरी पोचवला. खिरीची वाटी दिसण्याआधीच काका "आता विष!" म्हणून ओरडतात आणि तरीही दर वेळी दचकतात. निवृत्त गुरुजींचा जीव दूरदर्शनच्या 'आमची माती, आमची माणसं'मध्ये. शेत विकून जमाना झाला; पण पडद्यावर कुणी फवारणीचं प्रमाण सांगू लागलं की गुरुजी वही उघडतात.

गाजलं तेवढंच मोठं, हे खरं तर भोकरदनकरांना पटायला नको. इथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईला सापडली होती. तिला नेपल्सच्या संग्रहालयात लोक तिकीट काढून बघतात. इकडे बसस्टँडवर भोकरदनच्या मूर्तीचं नाव काढलं, तर कोणत्या गाडीने जायचं तेवढं सांगतील.

असाच मागे पडलेला सिनेमा म्हणजे जब्बार पटेलांचा 'एक होता विदूषक' (1992). पटकथा-संवाद पु. ल. देशपांड्यांचे, गाणी ना. धों. महानोरांची. महानोर पळसखेड्याचे, म्हणजे शेजारच्याच जिल्ह्यातले. तेव्हा गाणी निम्मी घरचीच. नायक लक्ष्मीकांत बेर्डे! 'अशी ही बनवाबनवी'ला चारच वर्षं झालेली, प्रेक्षक पोट धरून हसायला आले. पडद्यावर तमाशातला सोंगाड्या सिनेमात नाव काढतो आणि पुढे राजकारण्यांच्या हाती लागतो. हसावं की गप्प बसावं, हे प्रेक्षकांना ठरवता येईना. मग ते घरीच बसले. सिनेमाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गल्ल्याचं मात्र जमलं नाही.

बेर्डेंचं सगळ्यात मोठं काम यातच आहे, त्यांच्या गाजलेल्या विनोदी सिनेमांत नाही. वाचकांनी तो जरूर पाहावा. फक्त दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर "आमचा तर पहिल्यापासून आवडता" असं सांगू नये. गुरुजींनी ते आधीच सांगून ठेवलंय.