नामांतरभाऊ

सॉफ्टवेअरच्या प्रत्येक टीममध्ये एक नामांतरभाऊ असतोच. आमचा नांदगाव पेठेत बसतो. कंपनी पुण्याची, पगार पुण्याचा. माणूस मात्र 2020 च्या लॉकडाऊनमध्ये जो गावी आला तो परत गेलाच नाही. माडीवर टेबल, खिडकीतून औष्णिक वीज केंद्राची धुराडी, खाली ओसरीत बाबांची सोयाबीनची पोती. दुसऱ्यानं लिहिलेला कोड हाती आला की तो चालतो का, हे नामांतरभाऊ आधी पाहत नाही. आत कुणाकुणाला काय नावं ठेवलीत ते पाहतो. मग लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहावं तशा हौसेनं कामाला लागतो. सुनेला विचारायची पद्धत तिथंही नसते, इथंही नाही.

ही हौस नोकरीपुरती असती तर चाललं असतं. आईच्या फळीवरच्या डब्यांना त्यानं छापील पट्ट्या चिकटवल्या: तूरडाळ, रवा, जिरे. आईनं एक डबा हलवला नाही की एका पट्टीकडे पाहिलं नाही. आज ‘जिरे’ लिहिलेल्या डब्यात जवस आहे आणि ‘रवा’ लिहिलेल्यात लाइटची बिलं. ‘मले मालूम हाये ना कशात काय हाये,’ एवढंच ती म्हणते. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव तो दर सणाला बदलतो. त्या घोळात एका मावशीनं साखरपुड्याचे फोटो दूध डेअरीच्या ग्रुपवर टाकले आणि तिथून त्यांना घरच्यांपेक्षा जास्त शुभेच्छा आल्या.

खरं तर नांदगाव पेठेत राहणाऱ्या माणसाला नावं बदलण्याचा एवढा सोस असायला नको. त्याच्या खिडकीतली ती धुराडीच घ्या. 1350 मेगावॅटचं हे केंद्र आधी सोफिया, मग इंडियाबुल्स आणि 2014 पासून रतन इंडिया. पाटी बदलली, शेअर बाजारातलं नाव बदललं. पण ‘पोट्टा कुठं हाये कामाले?’ असं विचारलं की जुनी माणसं अजून ‘सोफियात’ म्हणतात. गावाजवळून जाणारा हायवे 2010 साली कागदावर सहाचा त्रेपन्न झाला. ट्रकवाल्यांच्या तोंडी अजून सहाच आहे. आणि अमरावतीत पेशंट न्यायचा तर ऑटोवाल्याला ‘जिल्हा सामान्य रुग्णालय’ म्हणून चालत नाही, ‘इर्विन’ म्हणावं लागतं. इर्विनसाहेब 1931 मध्ये व्हाइसरॉयकी संपवून विलायतेला गेले, पण आमचे पेशंट अजून त्यांच्याकडेच भरती होतात.

हे त्याला सांगितलं तर उत्तर तयार असतं. ‘ते लोकं हायेत, भाऊ. लोकायले सवय असते. मशीनले काहून असीन?’

तर आमच्या प्रोजेक्टमध्ये चाचण्या चालवायची कमांड होती ‘मेक टेस्ट’. मेक हे बिल्डचं जुनं हत्यार. स्टुअर्ट फेल्डमननं ते 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्याच्या फाइलीत आज्ञेची ओळ टॅबनंच सुरू व्हावी लागते; दिसायला तेवढीच जागा स्पेसनं सोडली तर मेक रुसतं. हे बरं नाही, हे फेल्डमनच्याही लवकरच ध्यानात आलं होतं. पण तोवर डझनभर माणसं, त्यातही बहुतेक मित्रच, मेक वापरायला लागली होती. त्यांची घडी कशाला मोडा म्हणून त्यानं टॅब राहू दिला. त्या डझनभरांच्या भिडेपायी जगातले प्रोग्रॅमर पन्नास वर्षं टॅब शोधत बसलेत. ही कथा नामांतरभाऊ कीर्तनकाराच्या तयारीनं दर मीटिंगला लावतो आणि शेवटी म्हणतो, ‘आजच बदला. उद्या भीड पडते.’

त्याला हवं होतं ‘मेक चेक’. मागणी अगदीच हवेतली नव्हती, हे मान्य करायला हवं. जीएनूच्या नियमावलीत चाचण्यांच्या कमांडचं नाव ‘चेक’ असंच ठरलेलं आहे. सीमेक वापरणारी मंडळीही बरेचदा ‘चेक’ वेगळी लिहून घेतात, कारण सीमेकनं तयार केलेली ‘मेक टेस्ट’ आधी नवा कोड बांधत नाही. जे जुनं बांधून पडलेलं असेल त्याचीच परीक्षा घेते. पण आमच्याकडे सीमेक नव्हतं, आणि जीएनूची नियमावली नामांतरभाऊ सोडून कुणी वाचलेली नव्हती.

पुण्याचे टीम लीड जपून बोलणारे. ‘चाललंय ना? मग कशाला हात लावायचा?’ त्यांच्याकडेही एक कथा होती, आणि तीही खरी. पायथनच्या सेटअपटूल्समध्ये ‘टेस्ट’ नावाची कमांड होती. ‘हिचं आता काही खरं नाही, दुसरी सोय बघा,’ असं ते लोक 2019 पासून बजावत होते. जुलै 2024 संपता संपता 72.0 आवृत्तीत त्यांनी ती काढून टाकली. झालं! पाच वर्षं सूचना न वाचलेल्यांची पॅकेजेस इन्स्टॉलच होईनात. त्यातल्या कित्येकांना त्या वेळी चाचण्या चालवायच्याही नव्हत्या. सेटअपच्या फाइलीत त्या कमांडचं नुसतं नाव घेतलेलं होतं. लगोलग 72.1 काढून कमांड परत आणावी लागली.

नामांतरभाऊनं ही कथा मान हलवत ऐकली आणि म्हणाला, ‘म्हणजे त्यायनंही भीड ठेवली.’

मग चर्चा पेटली. एकाला ‘व्हेरिफाय’ हवं होतं, दुसऱ्याला ‘व्हॅलिडेट’. ज्यांनी वर्षभरात एक चाचणी लिहिली नव्हती त्यांची मतं सर्वांत ठाम होती. मला विचाराल तर ही या कामाची खुबीच आहे. कोडातली गुंतागुंत चौघांना कळते, नाव चाळिसांना कळतं. शेवटी लीड कंटाळले आणि ‘करा काय करायचं ते’ म्हणाले. याला नामांतरभाऊ एकमत म्हणतो.

त्याचा एक गुण मात्र कबूल करावा लागेल. नाव बदलायचं म्हणजे ते कुठंकुठं वापरलंय ते धुंडाळावं लागतं, आणि त्या निमित्तानं सगळा प्रोजेक्ट वाचणारा टीममध्ये तो एकटाच. बाकीचे आपापल्या खोलीतले भाडेकरू. मालकानं वाडा शेवटी कधी पाहिला, कुणाला ठाऊक नाही. रात्री त्यानं मला फोन केला.

‘पाह्य बे, पाइपलाइनचा लॉग पाह्य.’

पाहिला. चाचण्या आपोआप चालवणाऱ्या, रोज हिरव्या असणाऱ्या आमच्या पाइपलाइनमध्ये चाचण्यांच्या जागी एकच ओळ होती: ‘टेस्ट इज अप टू डेट.’ मेकला दिलेलं नाव ते फाइलीचं धरतं. त्या नावाची फाइल किंवा फोल्डर आधीच तिथं असेल आणि ते आणखी कशावर अवलंबून आहे असं कुणी सांगितलेलं नसेल, तर काम झालेलं आहे असं समजून मेक हात झटकतं. आणि कुणीतरी नमुन्याचा डेटा ठेवायला ‘टेस्ट’ नावाचं फोल्डर करून गेलं होतं. केव्हापासून कोण जाणे, आमची एकही चाचणी चाललेली नव्हती.

यावर इलाज एका ओळीचा होता. मेकफाइलीत ‘फोनी’ लिहून पुढं ‘टेस्ट’ टाकलं की मेक फाइल शोधत नाही, गुमान आज्ञा पाळतं. मी तसं सुचवलं. ‘होते ना त्यानं,’ तो म्हणाला, पण आवाजात जीव नव्हता. त्यात नामांतर कुठं होतं?

सकाळी ‘मेक चेक’ आली. तिच्या नावाचं फोल्डर नव्हतं, त्यामुळे चाचण्या खरोखर चालल्या, आणि पाइपलाइन मिरचीसारखी लाल झाली. दुपारपर्यंत टीमभर एकच निदान झालं होतं: नाव बदलल्यानं चाचण्या फेल झाल्या. शुक्रवारी रिलीज. ‘तुम्ही नावाला हात लावायच्या आधी सगळं हिरवं होतं,’ लीड म्हणाले, आणि हे खोटं म्हणता येत नव्हतं. नामांतरभाऊ फोल्डर, फोनी, फाइल असं काहीबाही समजावत राहिला. मीटिंग त्याच्या आवाजावरून पुढं गेली.

तोडगा निघाला. ‘चेक’ ज्यांना हवी त्यांच्यासाठी राहील; जुन्या लोकांच्या सोयीसाठी ‘टेस्ट’ होती तशी, शब्दाला शब्द, परत ठेवायची, आणि पाइपलाइननं तीच वापरायची. पंधरा मिनिटांत पुन्हा हिरवं झालं. चाचण्या किती लवकर संपतात याचं लीडनी ग्रुपवर कौतुकही केलं.

नामांतरभाऊ त्यावर काही बोलला नाही. संध्याकाळी त्याचा नवा पीआर, म्हणजे बदल मंजूर करण्याचा अर्ज, आला. कमांडला, मेकफाइलीला कुठं बोट लावलेलं नाही. फक्त ‘टेस्ट’ या फोल्डरचं नाव बदलून ‘नमुने’ केलंय. तपासणारा म्हणून माझं नाव टाकलंय. मी अजून मंजूर केलेला नाही. म्हटलं, शुक्रवार जाऊ दे.