विंचूरला समुद्र नाही

निफाड तालुक्यातल्या विंचूरहून समुद्र गाठायचा तर मुंबईचा, तोही कसारा घाट उतरल्यावर. तरी सकाळच्या पहिल्या चहालाच इथे न्हावाशेवा बंदराचा विषय निघतो. कंटेनर लागला का, श्रीलंकेने ड्यूटी वाढवली का? विचारणाऱ्याने जहाज पाहिलेलं असतंच असं नाही, पण त्याच्या चाळीत कांदा असतो.

गाव जुनं, मानाचं. विठ्ठल शिवदेव दाणी हे मूळचे सासवडचे पेशव्यांचे सरदार. विंचूरची जहागीर मिळाली आणि घराणं विंचूरकर झालं. 1761 मध्ये पानिपतावरून जिवंत परतलेल्यांत ते होते. त्यावरून इतिहासवाले अजून भांडतात. पडलेल्यांचे पोवाडे होतात, परतलेल्यांना मात्र हिशेब द्यावा लागतो!

घराण्याबरोबर गावाचं नावही मुलूखगिरीला निघालं, ते पुरतं घरी आलंच नाही. पुण्यातल्या विंचूरकर वाड्यात टिळक राहत. 1892 मध्ये तिथे त्यांच्याकडे विवेकानंद उतरले, 1894 मध्ये तिथेच टिळकांनी सार्वजनिक गणपती बसवला. विंचूर चौफुली म्हणावी तर ती येवल्यात. शिवाय सिन्नर तालुक्यात विंचूर दळवी, नाशिकजवळ विंचूर गवळी. लग्नपत्रिकेत तालुका ठळक छापला नाही, तर अर्धं वऱ्हाड भलत्याच मांडवात जेवून यायचं.

बाजाराचंही तेच. पाच-सहा किलोमीटरवर लासलगाव, त्यामुळे इथला तो उपबाजार. टीव्हीवर भाव सांगतात तो लासलगावचा. पण ‘उप’ शब्दाला ट्रॅक्टर भीत नाहीत. सकाळी रांगा लागलेल्याच असतात. लिलाव निघाला की व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीमागून ट्रॉली पुढे सरकतो. एखादा ढिगात कोपरापर्यंत हात घालून खालचा कांदा वर काढतो, दाबून पाहतो, अंगठ्याने पत्ती उडवतो. पुकार सुरू होतो, आकडे पाच-दहा रुपयांनी वर चढतात आणि ज्याचा कांदा तो शेतकरी चेहरा कोरा ठेवून भलतीकडेच बघत राहतो. वर्षभराच्या मेहनतीचा निकाल मिनिटभरात लागतो. मग भुईकाटा, मग व्यापाऱ्याचं खळं. तिथे ट्रॉली खाली करताना तळातून गोल्टी, म्हणजे बारका कांदा, निघाली की खरी बोलाचाली सुरू होते.

8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली तेव्हा जिल्ह्यातले लिलावच बंद पडले. दिल्लीत कागद हलला आणि विंचूरच्या चहाच्या टपरीवर गर्दी वाढली, एवढं आमचं परराष्ट्र धोरण. बंदी उठायला मे 2024 उजाडला. तोवर लाल कांदा संपून उन्हाळ निघाला होता.

गावाजवळ सरकारने वाईन पार्कही केला आहे. पार्क म्हटल्यावर पाहुण्यांची पोरं झोपाळे शोधतात. द्राक्षाला बाटलीत घालून भाव मिळवून द्यायचा, हा 2001 च्या धोरणातला विचार. एका म्हाताऱ्या कांदेवाल्याला तो समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, “म्हणजे द्राक्ष मुद्दाम आंबवलं तर सरकार पार्क देतं. आमचा कांदा चाळीत आपला आपणच सडतो भाऊ, त्याला साधा पंचनामाबी नाही!”