पाचोऱ्यात होडी

अव वहिनी, भल्या पहाटे ती घरघर ऐकली का? शेजारच्या आप्पांचं ग्राइंडर होतं ते. मागच्या अंगणात फायबरची जुनी होडी आणून ठेवलीय त्यांनी, इंजिन लावून पळवायची. मुंबईकडं कोणाच्या तरी बंगल्यामागं धूळ खात पडलेली, कवडीमोलानं मिळाली म्हणे. गल्लीत नुसती टिंगल चाललीय. पाचोरा-जामनेर रेल्वे, आपली पीजे, 2020 पासून बंद, म्हणून आप्पा आता जामनेरला होडीनं जाणार! आपल्या हिवरा नदीत उन्हाळ्यात पाय तरी भिजतो का?

मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण परवा ताक द्यायला गेले तर आप्पा रुपयाच्या नाण्यानं होडी ठोकत बसलेले, टरबूज ठोकून बघावं तसे. टणटण वाजलं तर धड, बद्द वाजलं तर आत कुजलंय. मी म्हटलं, फायबर कुठं कुजतं? तर म्हणाले, फायबर नाही हो, त्याच्या पोटातलं लाकूड. इंजिन अडकवायची मागची फळी म्हणजे फायबरच्या दोन थरांत प्लायवूड. बोल्टाच्या भोकांतून पाणी झिरपत राहतं. वरून रंग चकाचक, आत सगळा भुसा! माझ्यासमोरच त्यांनी आतला थर कापला, तर ओला काळा चोथा निघाला, चमच्यानं खरवडण्यासारखा. बाहेरचा थर मात्र तसाच ठेवायचा, नाहीतर होडीचा आकार बिघडतो.

आणि पहाटेच का, तर आपलं ऊन! रेझीनमध्ये हार्डनर घातलं की ते स्वतःच तापतं. दुपारी कालवलं तर फायबरच्या मॅटवर लावेपर्यंत डब्यातच दगड. मागं एकदा डब्यातून धूर निघाला, त्यांच्या घरच्या जिजी किंचाळतच बाहेर आल्या.

जिजींचं दुखणं वेगळंच. फायबर घासताना उडणारी काचेची ती बारीक कुसळं! आप्पांचे कपडे घरच्या कपड्यांत धुतले गेले आणि सगळं घर खाजवत बसलं. आता त्यांची बादली वेगळी, दोरी वेगळी.

नेणार कुठं म्हणाल, तर नांदगावकडं, गिरणा धरणावर. परवानगीचा कागद काढला का, विचारलं, तर आप्पांनी नाणं खिशात टाकलं आणि ताकाचा पेला तोंडाला लावला.

बरं, तुमच्या कूलरची टाकी अजून गळते ना? फायबरचीच आहे ती. उरलेल्या मॅटच्या तुकड्यात भागेल, मी सांगते आप्पांना. जिजींना तेवढं कळू देऊ नका.