कप्प्याचा सातबारा

सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत खुर्ची कोणाच्याच मालकीची नाही. पहाटे जो आधी येईल त्यानं पंख्याखालची धरायची आणि मेसला जाताना तिच्यावर लक्ष्मीकांत ठेवून जायचं. राज्यघटनेवरचं एवढं जाड पुस्तक असलं की खुर्चीवर अतिक्रमण होत नाही, असा तिथला समज आहे. स्वतःचं म्हणावं असं एकच काय ते: भिंतीला लावलेल्या पत्र्याच्या कपाटातला कप्पा. सव्वा फूट रुंद, दीड फूट खोल, दाराला हवेसाठी तीन फटी, वर पिवळ्या रंगात आकडा. अनामत वेगळी, भाडं महिन्याचं महिन्याला, कुलूप ज्याचं त्यानं आणायचं. शेजारी मालककाकांची पाटी: ‘किल्ली हरवल्यास मालकास हाका मारू नयेत. ते झोपलेले असतात.’

कप्पे साठ आणि पोरं दीडशे असली की त्यातून एक खास माणूस तयार होतो. पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत शिरा, असा एक दादा सापडेलच. आमच्याकडे ते सत्तावीस नंबरचे.

दादा निलंग्याकडचे. गावाकडे चार भावांत अडीच एकर आणि तीवर चुलत्याचा दावा, म्हणजे पिकापेक्षा तारखाच जास्त. तहसीलदार व्हायचं ठरवून ते 2013 मध्ये पुण्यात आले. पद अजून मिळालेलं नाही, पण अधिकारक्षेत्र पहिल्याच महिन्यात मिळालं होतं. एका जालन्याच्या सिनियरची फौजदार म्हणून निवड झाली आणि जाताना त्यानं किल्ली यांच्या हातावर ठेवली. मालककाकांच्या वहीत नाव बदललं. दादा त्याला ‘फेरफार’ म्हणतात आणि त्या पानाचा फोटो अजून मोबाईलमध्ये जपून ठेवतात.

तेव्हापासून सत्तावीस नंबरचा कारभार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे चालतो. मधोमध पुठ्ठा लावून दादांनी कप्प्याचे दोन पोटहिस्से पाडले. उजवा स्वतःकडे, डावा अंबाजोगाईच्या एका पोराला वाट्यानं. वाटा म्हणजे सकाळचा चहा. दाराच्या आतल्या बाजूला सातबारा चिकटवलेला आहे. नमुना सातमध्ये धारकाचं नाव, नमुना बारामध्ये हंगामवार नोंदी. खरीप: पूर्वपरीक्षा. रब्बी: मुख्य. उन्हाळी रकान्यात ‘मुलाखत’ लिहिलंय आणि पुढे तीन वर्षं ‘पड’.

माझी खुर्ची नेमकी या कपाटासमोर येते. मी परीक्षेचा नव्हे. घराशेजारी पुनर्विकासाची खणाखणी सुरू झाल्यापासून भाषांतराची कामं घेऊन इथे बसतो. पहिल्याच आठवड्यात दादा पाठीशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “सर, वहिवाटीचा रस्ता अडतोय बघा. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम पाच.” मी खुर्ची पुढे ओढली. कलमासकट मागितलेली वाट नाकारायचं धैर्य माझ्यात नाही.

कप्प्यात काय असतं ते मी या सक्तीच्या शेजारामुळे पाहिलेलं आहे. वरच्या थरात चालू घडामोडी, शेंगदाण्याची चटणी आणि दाढीचं सामान. त्याखाली लक्ष्मीकांतच्या तीन आवृत्त्या. अगदी तळाशी 2013 मधल्या हस्तलिखित नोट्स. त्यांत महाराष्ट्राचे जिल्हे 35 आहेत, कारण पालघर व्हायला 1 ऑगस्ट 2014 उजाडायचा होता. त्या टाकून का देत नाही, असं मी एकदा विचारलं. दादांनी पान काढून माझ्यासमोर धरलं.

“हे वाचा. घटकराज्यं 28. जून 2014 ला तेलंगणा झालं, 29 झाली. तवा सगळे म्हणले, दादा, नोट्स रद्दीत घाला. मी घातल्या नाहीत. 31 ऑक्टोबर 2019 ला जम्मू-काश्मीरचं राज्यपद गेलं, परत 28. आता सांगा, रद्दीत घातल्या असत्या तर?”

मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

काकांशी त्यांचा झगडा जुना आहे. काकांचं म्हणणं, कप्पा वर्षभरासाठीच द्यावा आणि पुढे चिठ्ठ्या टाकाव्यात. एकदा भाड्यावरून वाजलं तेव्हा काका जिन्यावरूनच ओरडले, “साहेब, कप्पा हा काही तुमचा मूलभूत हक्क नाही!” दुसरा कोणी असता तर खजील झाला असता. दादांच्या चेहऱ्यावर सोपा प्रश्न आल्याचं समाधान पसरलं. “बरोबर आहे काका. संपत्तीचा हक्क 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं मूलभूत हक्कांतून काढला. पण कलम 300-अ खाली कायदेशीर हक्क म्हणून शिल्लक आहेच की.” काका वर गेले. पुण्यात मालकाचं तोंड भाडेकरूनं बंद करणं ही पेठेच्या इतिहासात नोंदवावी अशी घटना, पण दादांनी तिचा उपयोग उत्तरलेखनाच्या सरावापुरताच केला.

वयाची अट हा कप्प्याचा खरा भाडेपट्टा. खुल्या प्रवर्गासाठी ती 33 होती, तेव्हा दादांचा ताबा 2021 मध्ये संपणार हे काका बोटांवर मोजून बसले होते. सरकारनं 2016 मध्ये अट 38 वर नेली. अभ्यासिकेत पेढे वाटले गेले, आणि काकांनी एकही घेतला नाही.

कराडची एक मुलगी दोन वर्षं कप्प्याच्या प्रतीक्षायादीत होती. ती रोज पाठीवर दप्तर घेऊन शनिपाराच्या अलीकडून चालत यायची. तिनं एका दुपारी सर्वांदेखत मुद्दा काढला: दादा हल्ली आठवड्यातून दोनदाच येतात, उरलेला वेळ एका क्लासमध्ये शिकवतात. मग कसेल त्याची जमीन. कूळकायदा 1948, कृषक दिन 1 एप्रिल 1957. सगळ्यांनी माना वर केल्या. दादांनी चष्मा पुसला. “ताई, कुळाचा आधी कायदेशीर कब्जा लागतो. प्रतीक्षायादीला कूळ म्हणत नाहीत.” मग आवाज उतरवून, “पण छत्री ठेवायची असली तर ठेवा उजव्या अंगाला.” तिनं ठेवली. अशा रीतीनं तिसरा पोटहिस्सा पडला. दादांचा स्वभाव असा आहे. हक्क सोडणार नाहीत, जागा मात्र देतील.

त्यांच्या कारकिर्दीतला मोठा प्रसंग टाळेबंदीनंतरचा. मार्च 2020 मध्ये पोरं होती तशी गावाला पळाली. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा 5 एप्रिलला होती. पुढे ढकलत ढकलत ती झाली 21 मार्च 2021 ला. तोवर कप्पे बंद, आणि त्यांतल्या फरसाणावर मुंग्यांची पिढ्यान् पिढ्यांची वसाहत. अभ्यासिका उघडली तेव्हा बरेच कप्पेदार परतलेच नव्हते. काकांनी हेक्सॉ ब्लेड आणलं. दादा कपाटासमोर आडवे झाले.

“पंचनाम्याशिवाय कुलूप तुटणार नाही. दोन पंच पाहिजेत. प्रतिष्ठित.”

एक पंच मेसवाल्या मावशी. दुसरा मी. परीक्षेच्या दृष्टीनं बिनकामाचा माणूस असल्यानं माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल कोणाला शंका नव्हती. दादांनी मजकूर सांगायचा आणि अंबाजोगाईच्या पोरानं लिहायचा. ‘कप्पा नंबर 41. कुलूप गंजलेल्या स्थितीत. आत: टॉवेल एक, बुरशीयुक्त. वाळंबे यांचं व्याकरण, कव्हर नसलेलं. देवाचा फोटो. 5 एप्रिल 2020 तारखेचं प्रवेशपत्र, न वापरलेलं. एका पायाचा बूट.’ मावशींनी विचारलं, दुसरा बूट कुठाय? दादा म्हणाले, तो तपासाचा भाग आहे, पंचांनी त्यात पडू नये. 33 नंबरमध्ये लग्नपत्रिकांचा गठ्ठा निघाला. नवरदेव तोच कप्पेदार. वाटायच्या राहून गेल्या होत्या, आणि तारीख उलटून गेली होती. पाकिटावर माझं नाव होतं म्हणून मी माझी घेतली. दादांनी पावती लिहून सही घेतली.

त्या दिवशी दहा कुलुपं तुटली. सामान पोत्यांत भरून, नंबर लिहून, माळ्यावर गेलं. दादांनी प्रत्येकाला फोन केले. कोणी गावी दुकान टाकलं होतं, कोणी दूध डेअरीवर लागला होता. बहुतेकांनी सांगितलं, पुस्तकं कुणालाही द्या. बूटवाल्यानं तेवढा बूट कुरिअरनं मागवला.

पुढे अंबाजोगाईचा पोरगा 2023 च्या तलाठी भरतीत लागला. नियुक्तीपत्र आलं 2024 च्या पावसाळ्याच्या तोंडावर. तो पेढे घेऊन आला, दादांच्या पाया पडला आणि किल्ली पुढे केली. दादांनी त्याला मिठी मारली, डोळे पुसले आणि डावा पोटहिस्सा आपल्या नावावर वर्ग करण्यासाठी सातबाऱ्याकडे पेन नेलं. पोरानं हात धरला.

“दादा, तसं नाही जमायचं. आधी नोटीस काढावी लागंल. हरकतीला पंधरा दिवस.”

क्षणभर मला वाटलं, आता भडकतील. पण दादांनी पोराकडे वरिष्ठ अधिकाऱ्यानं पाहावं तसं पाहिलं, आणि स्वतःच कागद घेऊन नोटीस लिहायला बसले. चावडी म्हणून पाण्याच्या कूलरची जागा ठरली.

चौदाव्या दिवशी तीन हरकती आल्या होत्या. एक कराडच्या ताईंची, छत्रीच्या वहिवाटीच्या आधारे. एक खालच्या कप्पेदाराची, चटणीचं तेल गळतं म्हणून. तिसरी काकांची, संपूर्ण कप्प्यावर. सुनावणी पूर्वपरीक्षा झाल्यावर, म्हणजे 25 ऑगस्टनंतरच्या पहिल्या रविवारी ठेवण्यात आली. परीक्षेची तारीख बँकेच्या परीक्षेवर येत होती. पोरं रस्त्यावर बसली आणि आयोगानं ती पुढे ढकलली. नवी तारीख आली 1 डिसेंबर.

दादांनी कूलरवरच्या कागदावर तांबड्या शाईनं लिहिलं: ‘प्रकरण पुढील तारखेस नेमले.’ आणि चटणीची बरणी डाव्या पोटहिश्शात सरकवली, तात्पुरती.