टिंबाखालचा कॉमा

आमच्या शाळेत इंग्रजीच्या सरांनी विरामचिन्हं तबल्यासारखी शिकवली. कॉमाला एक मात्रा थांबायचं, सेमीकोलनला दोन, फुलस्टॉपला चार. मी ते इतकं मनावर घेतलं, की पुढे नोकरीत इंग्रजी पत्रं लिहिताना जिथे दम लागेल तिथे सेमीकोलन टाकत गेलो. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बहुतेक बंद. माझ्या सकाळच्या पत्रांत सेमीकोलन जास्त आणि दुपारच्यात कमी का, याचं उत्तर त्या जिन्यात होतं.

वीस वर्षं कुणी हटकलं नाही. मग नव्या मॅडम आल्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. ‘ऑल्दो युवर पेमेंट इज डिलेड; वी ट्रस्ट यू’ या माझ्या वाक्याला त्यांनी लाल गोल केला आणि हळूच विचारलं, “काका, ऑल्दोचा तुकडा एकटा उभा राहील का?”

नाही राहणार. सेमीकोलनच्या दोन्ही अंगांना आपापल्या पायांवर उभी असलेली वाक्यं लागतात, आणि त्यांचं आपसात काही नातंही लागतं. मला हे भावकीच्या भाषेतच उमगलं. घर एक, चुली दोन, मधे कुडाची भिंत: हा सेमीकोलन. कोर्टातून वाटण्या झाल्या की फुलस्टॉप. आणि भिंत न घालता नुसत्या कॉमावर दोन संसार रेटले, तर इंग्रज त्याला चूक म्हणतो. आपण एकत्र कुटुंब म्हणतो. मधेच टपकणारा ‘हाउएव्हर’ म्हणजे तर जावई. पुढे सेमीकोलन आणि मागे कॉमा असल्याशिवाय पाऊल टाकत नाही.

याद्यांचा नियम मात्र मी कँटीनमध्ये शिकलो. बैठकीला तीन माणसं यायची होती. मी चिठ्ठी लिहिली: ‘पणजी, गोवा, इंदूर, मध्य प्रदेश, बेळगाव, कर्नाटक, प्रत्येकी एक’. कँटीनवाल्याने कॉमे मोजून सहा थाळ्या लावल्या. गाव-राज्याची प्रत्येक जोडी सेमीकोलनने वेगळी केली असती, तर तीन श्रीखंडं वाचली असती. (वाया गेली नाहीत. मी होतो.)

बॉस्टनकरांवर यापेक्षा वाईट वेळ आली. मॅसॅच्युसेट्सच्या दारूच्या कायद्यात रात्री अकरानंतर विक्री बंद, रविवारी बंद, पण हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांना सूट, असं कलम होतं. रात्र आणि रविवार यांच्या मधे एक सेमीकोलन बसला होता. १९०० साली कोर्टाने त्याला गंभीरपणे घेतलं: सूट फक्त रविवारची, रात्रीची बंदी पाहुण्यांनाही. १९०६ मध्ये कायदा बदलेपर्यंत बॉस्टनचे पाहुणे एका टिंबापायी अकरा वाजता कोरडे पडत होते.

हे टिंब कॉमाच्या डोक्यावर ठेवलं व्हेनिसच्या आल्दुस मानुतियुस या छापखानेवाल्याने, १४९४ च्या सुमारास. आपल्याकडे मोडीत तर शब्दसुद्धा तोडायची पद्धत नव्हती. बोरू शाईत बुडेल तेवढाच विराम. मग मेजर थॉमस कँडी आले, १८५० साली त्यांनी विरामचिन्हांवर मराठीत पुस्तकच काढलं आणि अर्धविराम आपल्या गळ्यात पडला.

पण मला विचाराल तर मेजरसाहेबांनी फक्त खूण आणली. माल घरात होताच. सेमीकोलनची खरी गंमत अशी, की मधलं ‘म्हणून’, ‘पण’, ‘कारण’ गाळायचं आणि समोरच्याला ते आपोआप ऐकू यायला हवं. मला हे जमत नाही. कारकुनाचा हात, ‘उपरोक्त कारणास्तव’ लिहिल्याशिवाय सुटत नाही. आमच्या आत्याला इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण ती आयुष्यभर सेमीकोलनमध्येच बोलत आली आहे. “शेजारच्या पोराला गणितात पंच्याण्णव पडले, आमच्याकडे क्रिकेट असतं.” मधली दोन मात्रांची शांतता काय बोलते, हे दहावीतल्या मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

परवा मॅडमनी माझं एक पत्र प्रथमच लाल शाईविना परत दिलं. त्या आनंदात संध्याकाळी आत्याला फोन लावला. म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की येतो.

“ये की,” आत्या म्हणाली. “आंबे संपले, तू मे महिन्यात येणार होतास.”